वाळूत दोघंच

व्हॉलीबॉल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतं ते कॉलेजमागचं मातीचं ग्राउंड. फक्कीने आखलेल्या रेघा, मधे सैल पडलेलं नेट आणि "एक गडी कमी आहे, येतोस का?" अशी संध्याकाळची हाक. मी बूस्टर होतो. उंची बेताची, त्यामुळे दुसऱ्यांना चेंडू उचलून देणं हेच आपलं काम, हे मी लवकर मान्य केलं होतं. अमेरिकेत आल्यावर तोच खेळ जिमच्या गुळगुळीत लाकडी फरशीवर भेटला. इथे बूस्टरला सेटर म्हणतात एवढाच काय तो फरक! तसं हे त्याचं माहेरच. 1895 साली मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओक गावी, वायएमसीएच्या जिममध्ये, विल्यम मॉर्गनने हा खेळ काढला.

आमच्या लेकीने हाच खेळ उचलला तेव्हा मला केवढा आनंद झाला! पण पंधराव्या वर्षी तिच्या क्लबने तिला संघातून वगळलं. कारण एका शब्दाचं: उंची. पाच फूट तीन इंच ही काही तिची चूक नव्हती, ती आमच्या अख्ख्या घराण्याची देणगी! घरी आल्यावर तिने चेंडू गराजमध्ये फेकला आणि खोलीचं दार लावून घेतलं. मी दाराबाहेरून म्हणालो, "जाऊ दे, आता अभ्यासाला वेळ मिळेल." बोललो आणि लगेच उमगलं, तीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी मला हेच ऐकवलं होतं. तेव्हा मला ते किती लागलं होतं!

तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग जूनमधल्या एका शनिवारी मी म्हणालो, "चल, समुद्रावर जाऊ." चेंडू मी आधीच गाडीत टाकला होता.

लॉस एंजेलिसच्या विमानतळाच्या थोडं दक्षिणेला मॅनहॅटन बीच आहे. रस्ता उतरत उतरत थेट धक्क्यापाशी येऊन थांबतो. धक्क्याच्या टोकाला लाल कौलांचं गोल मत्स्यालय, दोन्ही अंगांना वाळूत रांगेने रोवलेले खांब आणि नेट. जूनमध्ये सकाळी इथे दाट मळभ असतं, ऊन दुपारकडे पडतं. उत्तरेला दर मिनिटा-दोन मिनिटांनी एखादं विमान समुद्रावरून वर चढताना दिसतं. आपल्यापैकी कितीजणांचे आईवडील अशाच एखाद्या विमानाने परत गेले असतील!

दोघादोघांचा हा खेळ 1930 च्या सुमारास जवळच्याच सांता मोनिकाच्या वाळूत सुरू झाला असं मानतात. मॅनहॅटन बीच ओपन ही स्पर्धा 1960 पासूनची, आणि विजेत्या जोड्यांची नावं ब्राँझच्या पाट्यांवर कोरून या धक्क्यावरच बसवली आहेत. आम्ही खाली बघत बघत चाललो. कार्च किराय हे नाव पुन्हा पुन्हा पायाखाली येत होतं. 1984 आणि 1988 मध्ये इनडोअरचं ऑलिंपिक सुवर्ण आणि 1996 मध्ये अटलांटाला, बीच व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आलं तेव्हा, केंट स्टेफ्सबरोबर वाळूतलं सुवर्ण. दोन्हीकडे सुवर्ण मिळवणारा तो एकमेव खेळाडू. त्याचे वडील 1956 च्या उठावानंतर हंगेरी सोडून आलेले निर्वासित. अकराव्या वर्षी कार्च पहिली बीच स्पर्धा खेळला ती वडिलांनाच जोडीदार घेऊन. हे मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, त्याचे वडील नॅशनल लेव्हलचे असतील. तू आपला कॉलेज ग्राउंडचा." तीन आठवड्यांतलं हे सर्वांत लांब वाक्य!

आता खेळाबद्दल. नेटची उंची तीच: पुरुषांना 2.43 मीटर, बायकांना 2.24. कोर्ट मात्र 18 बाय 9 ऐवजी 16 बाय 8 मीटर, आणि बाजूला सहाजण नाहीत, दोघंच. बदली खेळाडू नाही, लपायला जागा नाही. चेंडू किंचित मोठा आणि हवा बरीच कमी, त्यामुळे तो वाऱ्यावर भरकटतो. बोटं उघडी ठेवून अलगद टाकलेली 'डिंक' इथे फाऊल. बोटांची पेरं वळवून मारावं लागतं. ब्लॉकला लागलेला चेंडू तीन टचपैकी एक धरला जातो, इनडोअरला धरत नाहीत. ऊन-वारा दोघांना सारखा मिळावा म्हणून दर सात गुणांनी बाजू बदलायची.

पण हे कागदावरचं झालं. मी सवयीप्रमाणे तीन पावलं धावत जाऊन उडी मारली, पाय वाळूत रुतले आणि चेंडू डोक्यामागे पडला. माझा बोटांवरचा सेट, ज्याच्यावर माझी सारी प्रतिष्ठा, चार वेळा 'डबल' ठरला. शेजारच्या कोर्टावरचे एक सत्तरीचे गोरे आजोबा हसत आले आणि म्हणाले, "लाकडी फरशी विसरा. आधी चेंडू कुठे जातोय ते बघा, मग निघा. उडी पुढे नको, सरळ वर. आणि सेट हातांच्या पट्टीने द्या, बोटांनी नको." म्हणजे तीस वर्षांची विद्या गुंडाळून ठेवा! लेक मात्र तासाभरात रुळली. वाळूत उंची थोडी कमी चालते. पाय, नजर आणि चिकाटी जास्त लागते. इनडोअरला जी मागच्या रांगेत उभी राहायची, तिला इथे प्रत्येक चेंडू खेळावाच लागत होता.

मग एका कॉलेजच्या जोडीने आम्हाला खेळायला बोलावलं. पहिले पाच गुण आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि चेंडू मधे पडला. "बाबा, बोल ना! तू बोलतच नाहीस!" ती ओरडली. खरं होतं ते, आणि नुसतं कोर्टावरचं नव्हतं. जो स्मॅश मारतो त्याची नजर चेंडूवर असते. पलीकडे जागा कुठे रिकामी आहे ते जोडीदाराने ओरडून सांगायचं. आम्ही ते मराठीत सुरू केलं. रेघेलगत मोकळं असेल तर "सरळ!", कोपरा मोकळा असेल तर "तिरका!" समोरच्यांना काही कळेना! तरी 21-14 हरलो.

परतताना गाडीत ती म्हणाली, "त्या दिवशी अभ्यासाचं का बोललास?" मी म्हणालो, "दुसरं काही सुचलं नाही. चुकलं माझं." ती काही बोलली नाही, पण पुढच्या शनिवारी सात वाजता तीच मला उठवायला आली.

त्या उन्हाळ्यात आम्ही नऊ शनिवार गेलो. दहाव्या वेळी तिला तिच्याच वयाची जोडीदारीण मिळाली आणि माझी नेमणूक पाण्याच्या बाटल्या सांभाळायला झाली. जरा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण तेवढ्यात कोर्टावरून त्या अमेरिकन मुलीचा आवाज आला, "थिर्का! थिर्का!" आणि लेकीने कोपऱ्यात चेंडू मारला.

कुणाला जायचं असेल तर सकाळी लवकर निघा. उशीर केलात तर पार्किंग मिळत नाही आणि दुपारी वारा सुटतो. चेंडू आपला न्या. वाळू तापते, म्हणून जाड मोजे जवळ असू द्या. आणि मुलांनी बोलावलं तर कठड्यावर बसून राहू नका, उतरा वाळूत. पडलात तरी लागत नाही.