कान आणि लेखणी

सेवानिवृत्त झालो त्या दिवशी शाळेने मला शाल, श्रीफळ आणि एक शाईचे पेन दिले. शाल पेटीत गेली, श्रीफळाचा प्रसाद झाला. पेन मात्र मी टेबलावर समोर ठेवले. आपण एक कादंबरी लिहावी, ही माझी फार दिवसांची इच्छा होती. आयुष्यभर मी इतरांची पुस्तके शिकवली, त्यांवर प्रश्न काढले, मुलांची उत्तरे तपासली. आता स्वतःचे काही लिहावे असे मनाने घेतले. धुळ्यातील माझ्या घराच्या खिडकीपाशी मी टेबल मांडले, दोनशे पानी वही आणली आणि लेखनास प्रारंभ केला.

चार महिन्यांत चाळीस पाने झाली. कथा साधीच होती. खानदेशातील एका खेड्यातला मुलगा नोकरीसाठी मुंबईस जातो आणि दहा वर्षांनी, दुष्काळाच्या दिवसांत, आईला भेटायला घरी येतो. त्या भेटीच्या प्रसंगावर मी विशेष मेहनत घेतली होती. शब्दकोश उघडून एकेक शब्द निवडला होता.

अशात आखाजीचा सण आला. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी गातात. माझी थोरली बहीण आता सत्तरीच्या पुढे आहे. पण आखाजी चुकवीत नाही. अक्का कधी शाळेत गेली नाही. दुपारी जेवणे झाल्यावर मी तिला मोठ्या उत्साहाने तो प्रसंग वाचून दाखवला. मुलगा दाराशी येतो आणि आई म्हणते, “बाळा, तुझ्या आगमनाने माझ्या अंतःकरणातील अंधकार आज नाहीसा झाला!”

अक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, “भाऊ, ही माय कोनता गावनी शे रे? आपली माय आशी बोले का कधी?”

मी वही मिटली. त्या क्षणी रागच आला, हे मान्य केले पाहिजे. जिला अक्षर वाचता येत नाही, तिने एम. ए. झालेल्या भावाला भाषा शिकवावी काय? परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर तिचा प्रश्न काही केल्या जाईना. माझ्या आईचा आवाज मी आठवू लागलो. तिच्या अहिराणी बोलीतली एकही ओळ माझ्या चाळीस पानांत नव्हती.

झोप येईना, म्हणून मी उठलो आणि कपाटातून ‘श्यामची आई’ काढली. लहानपणी हेच पुस्तक वाचून लेखक व्हावेसे मला प्रथम वाटले होते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. पुढे स्वातंत्र्यलढ्यात त्यांना कारावास घडला आणि नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून काढला. पाच दिवसांत! मला चार महिन्यांत चाळीस पाने जमली आणि तीही निर्जीव. हे कसे झाले असेल?

विचार करता करता मला त्याआधीच्या वर्षातील एक गोष्ट आठवली. ती घडली आमच्या धुळ्याच्याच तुरुंगात. १९३२ साली विनोबा भावे आणि साने गुरुजी तेथे राजबंदी होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे अठरा रविवार, विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली. विनोबा बोलत होते आणि साने गुरुजी ते झरझर उतरवून घेत होते. त्या टिपणांतूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक सिद्ध झाले आणि पुढे भारताच्या अनेक भाषांत गेले. त्या दिवशी गुरुजींनी कान दिला नसता, तर ती वाणी तुरुंगाच्या भिंतींतच विरून गेली असती.

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की ज्यांना मी मोठे लेखक म्हणून वंदन करीत होतो, ते आधी मोठे ऐकणारे होते. ‘श्यामची आई’ देखील ऐकण्यातूनच आली. आईने काय म्हटले, कोणत्या प्रसंगी म्हटले, कोणत्या स्वरात म्हटले, हे त्या मुलाने इतकी वर्षे कानांत जपून ठेवले होते. पाच दिवसांत झाले ते केवळ लिहिणे. ऐकणे बालपणापासून चालू होते. महाभारताच्या लेखनाची कथा तुम्हांला ठाऊक असेलच. व्यास सांगणार आणि गणपती लिहिणार, असे ठरले. गणपतीने अट घातली, की माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. त्यावर व्यासांनीही अट घातली, की समजल्यावाचून एक अक्षरही लिहू नये. आपल्याकडे लेखनाच्या देवतेला सुपाएवढे कान आहेत, हे काही उगीच नव्हे.

दुसरे उदाहरण तर जळगावच्या अगदी जवळचे आहे. जळगावलगतच्या आसोदे गावी १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला. पुढे जळगावच्या चौधरी घराण्यात त्या सून म्हणून आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांच्या ओठांवर गाणी येत. ही गाणी आपल्या घरच्याच बोलीत होती. पेरणी, मोट, कापणी, घर, मन हेच त्यांचे विषय. त्यांचे पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी. त्यांनी आणि त्यांच्या एका मावसभावाने जमतील तेवढी गाणी कागदावर उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे हरखून गेले आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक महाराष्ट्राच्या हाती आले. ज्या माउलीने कधी पाटी हाती धरली नाही, तिचे नाव २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला देण्यात आले!

मला मात्र येथे बहिणाबाईंइतकेच सोपानदेवांचे कौतुक वाटते. ते शिकलेले होते, नामवंत कवींत वावरत होते. आईची गाणी उतरवताना ‘हा शब्द गावठी आहे, येथे पुस्तकी शब्द घालू’ असा मोह त्यांना सहज झाला असता. तसे झाले असते, तर ती गाणी राहिली असती. पण त्यांतली आई गेली असती.

आणि कादंबरीच म्हणाल, तर यावल तालुक्यातील सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ लिहिली, तेव्हा ते पंचविशीचे होते. १९६३ साली ती प्रसिद्ध झाली. खानदेशातल्या खेड्यातून पुण्यास शिकायला गेलेला तरुण जसा मनाशी बोलेल, तसाच तिचा नायक बोलतो. विद्यार्थिदशेत मी ती वाचली, तिची मनापासून स्तुती केली. पण तिच्यापासून शिकायचे ते शिकलो नाही.

हे सर्व आठवत असतानाच एक जुना प्रसंग मनात उभा राहिला आणि मी अगदी अस्वस्थ झालो.

मी नुकताच शिक्षक झालो होतो. सहावीच्या वर्गाला ‘माझी आई’ हा निबंध दिला होता. मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाने लिहिले होते, की रात्री शेतातून आल्यावर माय दमलेली असते. तरी माझ्या डोक्यावरून हात फिरवते आणि ‘मन्हा आंडोर’ म्हणते. मन्हा आंडोर, म्हणजे माझा मुलगा. मी त्या शब्दांभोवती लाल शाईने वर्तुळ काढले आणि समासात लिहिले, ‘अशुद्ध’. माझी स्वतःची आईदेखील मला हीच हाक मारीत असे; पण शाळेच्या उंबरठ्याबाहेर ती हाक ठेवून आत यायचे, असे मी लहानपणी शिकलो होतो आणि तेच पुढे शिकवीत होतो.

पुढच्या निबंधात त्या मुलाने एकही चूक केली नाही. ‘आई म्हणजे वात्सल्याचा सागर’ अशी गुळगुळीत वाक्ये त्याने कुठून तरी उतरवून काढली होती. मी त्याला पूर्वीपेक्षा अधिक गुण दिले. त्यानंतर त्याच्या मायविषयी मला पुन्हा कधीच काही वाचायला मिळाले नाही. आज तो कुठे आहे, मला ठाऊक नाही. ते लाल वर्तुळ आता पुसताही येत नाही.

मुलांनो, प्रमाण मराठी शिकू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. तिच्यामुळेच धुळ्याच्या माणसाचे म्हणणे कोल्हापुरास कळते. हा लेखही मी तिच्यातच लिहीत आहे. परंतु आई दमून घरी आली असता जे बोलते, ते तिच्याच शब्दांत लिहिले पाहिजे. तेथे दुसरा शब्द घालणे हीच खरी अशुद्धी होय.

दुसऱ्या दिवसापासून मी एक लहान वही खिशात बाळगू लागलो. बाजारात भाजीवाल्या बायका, एस. टी. स्थानकावर गाडीची वाट पाहणारे शेतकरी, देवळाच्या ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे काय बोलतात, ते कान देऊन ऐकतो आणि घरी येऊन टिपून ठेवतो. कादंबरीची चाळीस पाने बाजूला ठेवली आहेत. नव्याने सात पाने झाली आहेत.

अक्का सासरी परत जाण्याच्या आदल्या दिवशी मी तिला तो भेटीचा प्रसंग पुन्हा वाचून दाखवला. आता मुलगा दाराशी येतो आणि आई चुलीपुढून न उठता एवढेच म्हणते, “आला का रे भाऊ? आधी भाकर खाई ले.”

अक्का या खेपेस हसली नाही. क्षणभर तिचे डोळे चुलीच्या दिशेने गेले, जणू तेथे खरोखरच कोणी बसले होते. मग ती म्हणाली, “आला नही रे. ऊना. माय ‘ऊना का’ म्हने.”

मी लाल शाईचे पेन घेतले, माझ्याच वहीतल्या ‘आला’ या शब्दाभोवती वर्तुळ काढले आणि वर लिहिले, ‘ऊना’.