खावें कीं जपावें ?

वस्तु जपून ठेवण्याची हौस आमच्या घराण्यांत पूर्वापार चालत आली आहे. सौभाग्यवतींचें मत असें कीं, ही हौस नसून व्याधि आहे. त्या मताचा गंभीरपणें विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर आला तो मात्र फार दूर, जपान देशीं, चहाच्या एका वाटीपुढें.

टोकियो शहराच्या हिरो भागांत यामाताने नांवाचें कलासंग्रहालय आहे. केवळ जपानी पद्धतीच्या चित्रकलेस वाहिलेलें हें त्या देशांतलें पहिलेंच संग्रहालय. तें १९६६ सालीं उघडलें व २००९ सालीं हल्लींच्या जागेंत आलें. आम्ही उभयतां तेथें गेलों तेव्हां तळघरांतील दालनांत हायामि ग्योशु याचें १९२९ सालचें एक प्रसिद्ध चित्र मांडलें होतें. दुघडी पडद्यांची जोडी. सोन्याची पूड दाट भुरभुरून साधलेली शांत पार्श्वभूमि. आणि तीवर क्योतो येथील एका देवळांतलें जुनें कॅमेलियाचें झाड. कॅमेलियाचें फूल बहुधा अखंडच गळून पडतें. या झाडाच्या पाकळ्या मात्र एकेक करून गळत, आणि चित्रकारानें त्या खालीं पसरलेल्या दाखविल्या आहेत. १९७७ सालीं जपान सरकारनें या चित्रास महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ति ठरविलें. ग्योशु १९३५ सालीं, चाळीस वर्षांचा असतांनाच वारला. तें झाडही १९८३ सालीं मेलें. आज देवळांत आहे तें त्याच्या पुढच्या पिढीचें. राहिलें तें चित्र. आमच्या जपण्याच्या हौसेस याहून मोठा आधार तो कोणता ?

वर आल्यावर आम्ही चहागृहांत बसलों. त्याचें नांवही त्सुबाकी, म्हणजे कॅमेलियाच. मांडलेल्या चित्रांवरून बेतलेली मिठाई देण्याचा तेथें प्रघात आहे; प्रदर्शन बदललें कीं मिठाईही बदलते. फेसाळ हिरव्या चहाबरोबर आमच्यापुढें आलें तें घेवड्याच्या गोड पुरणाचें एक लहानसें फूल. त्यांत काडी खुपसण्यास आमचा हात धजेना.

"हें असेंच घरीं नेतां आलें असतें तर !" आम्ही म्हणालों.

"सासूबाईंच्या मुरंब्यासारखें ना ?" पलीकडून उत्तर आलें.

आम्ही गप्प बसलों. आई गेली त्या वर्षीं वैशाखांत तिनें मुरंबा घातला होता. ती गेल्यावर उरलेली अर्धी बरणी आम्हीं फडक्यानें बांधून कपाटांत ठेविली. तिच्या हातचें शेवटचें म्हणून कोणास बोट लावूं दिलें नाहीं. मुलांनीं दोनदां मागितला. दोन्ही वेळां आम्ही त्यांच्यावर रागावलों. याला तीन वर्षें झालीं होतीं.

शेवटीं आम्हीं काडी चालविली. पुरण मऊ, बेताचें गोड. त्यावर कडवट चहाचा घोट. चार घासांत फूल नाहींसें झालें, आणि नवल असें कीं, त्याची रुखरुख म्हणून वाटली नाहीं. करणारानें तें खाण्याकरितांच केलें होतें. चित्र ठेवण्याकरितां असतें, मिठाई खाण्याकरितां. दोहोंचीही बूज राखावयाची, पण रीत निराळी.

घरीं परतल्यावर बरणी सोडली. आंबूस वास आला. वर बुरशीचा थर होता. मुरंबा टाकावा लागला. आईचें शेवटचें म्हणून जें आम्हीं राखलें, तें कोणाच्याच मुखीं लागलें नाहीं. धाकटीला आजीच्या हातची चव आतां आठवतही नाहीं, आणि तो दोष दुसऱ्या कोणाचा नव्हे.

यंदा सौभाग्यवतींनीं आईच्याच मापानें मुरंबा घातला. चव तंतोतंत तशी नाहीं. बरणी मात्र कपाटांत जात नाहीं. पानें मांडलीं कीं ती मध्यें येऊन बसते, आणि श्रावणापूर्वींच तिचा तळ दिसेल अशीं चिन्हें आहेत.