चहाचा रंग आणि सोन्याचं पाणी

कुडाळजवळच्या आमच्या घरी बोअर मारली, त्या वर्षी चहा बिघडला. दूध, साखर, पावडर सगळं नेहमीचं, पण कपात उतरायचा तो काळपट. आईने वाण्याला बोल लावले. दोष निघाला पाण्यातल्या लोखंडाचा. चहातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळं पडतं. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करत, तीही याच मेळातून.

हे आठवलं ते गेल्या वर्षी, दोह्यात जुन्या व्हिलात राहायला आलो तेव्हा. कतारला नदी नाही, नळाला येतं ते समुद्राचं गोडं केलेलं पाणी. ते चांगलंच असतं, पण पुढे गच्चीवरची टाकी, जुने पाइप, पितळी नळ. धाकटा तेव्हा सात महिन्यांचा, त्याची पेज त्याच पाण्यात शिजायची. नळ बघायला आलेला प्लंबर सहज बोलून गेला, "भाभी, पुराने पीतल में सीसा होता है." माझी झोप उडाली. शिशाला रंग नाही, चव नाही, वास नाही. पाणी उकळलं तरी ते जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅमची, आणि तीच संघटना सांगते की लहान मुलांसाठी शिशाची निर्धोक म्हणावी अशी पातळीच माहीत नाही.

नमुना प्रयोगशाळेत दिला. अहवालाला आठ दिवस. तोवर बाटलीचं पाणी आणि रात्री वाचन. मी मराठीची एम. ए. विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की त्यांचा वर्ग सांभाळायचा, एवढंच माझं रसायनशास्त्र. तरी एका गोष्टीने मला धरूनच ठेवलं. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात असले की ते पाणी पिवळं नाही, माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरेडेने 1857 मध्ये याचा अभ्यास मांडला होता. कण सुटे असतील तर लाल, एकमेकांजवळ आले की निळं-जांभळं.

2003 मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या ज्युवेन लिऊ आणि यी लू यांनी हे कण डीएनएच्या धाग्यांनी बांधले. त्यातला एक धागा असा निवडला, की शिसं भेटलं तरच तो दुसऱ्याला कापतो. शिसं नसेल तर कण एकत्र येऊन पाणी निळं. शिसं असेल तर धागे तुटतात, कण सुटे राहतात, पाणी लाल. यंत्राशिवाय, नुसत्या डोळ्यांनी कळतं! इथल्या सोन्याच्या बाजारात किती वेळा गेले, पण सोन्याचा हा उपयोग ठाऊक नव्हता. अर्थात अडचणीही आहेत. पाण्यात मीठ जास्त असलं तरी उघडे कण गोळा होतात. त्यामुळे शेवटचा शब्द अजून प्रयोगशाळेचाच.

अहवाल आला. शिसं मर्यादेच्या खूप आत. तरी नळ बदलून घेतला, आणि सकाळचं पहिलं पाणी झाडांना जातं.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती हसली. "सोन्यान पाणी तपासतत? आमची चाय फुकट तपासता." मग थोडं थांबून म्हणाली, "पण शिसा आसला तर ती सांगतली काय गो?"

मे महिन्यात गावी जाईन तेव्हा त्या बोअरच्या पाण्याची बाटली भरून तपासायला द्यायची आहे.