शिस्त घेताना

मी माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला आणि जोडीला अठरा वर्षे एनसीसीची तुकडी सांभाळली. त्यासाठी तरुणपणी कामठीला जाऊन प्रशिक्षणही घेतले होते. लष्करी हिंदीत बंदुकीचा नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. आमच्या शाळेत शिस्त म्हणजे रांगेत उभे राहणे आणि वही वेळेवर देणे! एकाच शब्दाचे हे दोन अर्थ मुलांना सांगताना मला गंमत वाटे. आता पंचाहत्तरीत या विषयाकडे पुन्हा वळायचे कारण म्हणजे माझा नातू.

मुलगी-जावई पेनसिल्व्हेनियात असतात. नातू सतरा वर्षांचा. त्याच्या मित्राचे वडील दर वर्षी हरणाच्या शिकारीला जातात. नातवाने तिकडचा शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा केला आणि त्यांच्याबरोबर जायचे ठरवले. बंदूक त्यांची, पण तिच्यावर कोणती काच बसवायची हे त्यांनी याच्यावर सोपवले. गेल्या वर्षी मी तिकडे होतो. मुलगी म्हणाली, "अण्णा, तुम्हीच त्याला काहीतरी सांगा." तिला मी नाही म्हणायला हवे होते. नातवाने मात्र विचारले, "आजोबा, रेड डॉट घेऊ की स्कोप?"

आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. हरीण मारणे हा माझ्या लेखी गुन्हाच. तिकडे तो परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, डोळ्यांत भरणारे नारिंगी जाकीट घालून करायचा उद्योग आहे. मला ते पटते असे नाही. पण आपण बोललोच नाही तर मूल दुसऱ्या कोणाला तरी विचारते, हे चाळीस वर्षांच्या मास्तरकीने शिकवले आहे. म्हणून बसलो त्याच्यासमोर.

साध्या बंदुकीचा नेम तीन गोष्टींचा असतो: मागची खाच किंवा भोक, नळीच्या टोकाची माशी आणि लांबचे लक्ष्य. डोळ्याला मात्र एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ पाहता येते. पंचवीस यार्डांच्या रेंजवर मी मुलांना सांगायचो, माशी ठसठशीत दिसू दे, लक्ष्य जरा धूसर दिसले तरी चालेल. माझ्या स्वतःच्या डोळ्यांत आता मोतीबिंदूनंतरची भिंगे आहेत, लांबचे दिसण्यासाठी बसवलेली. झाडाचे पान दिसते, माशी दिसायची नाही.

रेड डॉटने ही अडचण सोडवली. आतल्या काचेवरून परतलेला लाल प्रकाश समांतर किरणांनी डोळ्यात येतो, त्यामुळे ठिपका लक्ष्याइतकाच लांब असल्यासारखा दिसतो. माशी-खाच जुळवायला नको, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, मान थोडी इकडेतिकडे झाली तरी फारसे बिघडत नाही. मूळ कल्पना डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांची, १९०० सालची. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ साली विजेवर चालणारा ठिपका बाजारात आणला.

नातवाने मित्राकडून दोन्ही काचा सुट्या आणल्या होत्या, बंदुकीशिवाय. आम्ही ओसरीत बसून समोरच्या मेपलकडे पाहिले. चष्म्याविना मला तो ठिपका घामाने पसरलेल्या कुंकवासारखा दिसला. डोळ्याच्या पारदर्शक पटलाला बाक असला की असे होते. चष्मा लावला तर बराच गोल झाला. ठिपक्याचा आकार मिनिटांत मोजतात, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात. शंभर यार्डांवर एक मिनिट म्हणजे साधारण एक इंच. सहा मिनिटांचा ठिपका तिथे सहा इंच झाकतो, दोन मिनिटांचा दोन इंच. मोठा ठिपका झटकन सापडतो, लहान ठिपका नेमका असतो. पण लक्ष्य मात्र नुसत्या डोळ्यांना दिसते तेवढेच दिसते.

मग स्कोप. त्यावर लिहिले होते ३-९×४०. म्हणजे तीनपट ते नऊपट मोठे दिसणार आणि पुढचे भिंग चाळीस मिलिमीटरचे. पोराला वाटले, नऊपट म्हणजे उत्तम. मी त्याला भागाकार करायला लावला. चाळीस भागिले नऊ म्हणजे ४.४. एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यापर्यंत येतो. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सातेक मिलिमीटर उघडते. पहाटे आणि तिन्हीसांजेला हरणे बाहेर पडतात, त्या वेळी नऊपटीला चित्र काळवंडते. चारपटीला झोत दहा मिलिमीटरचा, चित्र उजळ. शिवाय मोठे केले की दिसणारा परिसर आक्रसतो आणि हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. डोळा काचेपासून तीन-साडेतीन इंच लांब हवा, नाहीतर बंदुकीचा धक्का बसला की भुवई फुटते.

तो म्हणाला, "जंगल दाट आहे, साठ-सत्तर यार्डांपलीकडे दिसतच नाही. मग रेड डॉटच बरा ना?" मुद्दा बरोबर होता. मी विचारले, "यांतली कुठली काच तुला 'नको' म्हणायला मदत करेल?" तो गप्प बसला. रेड डॉट नेम लवकर धरू देतो. मध्ये आडवी फांदी आहे का, खांदा पूर्ण दिसतोय का, मागच्या झुडपात काही नारिंगी आहे का, हे त्यात मोठे करून पाहता येत नाही. फांदीवर आपटून गोळी वळली तर जनावर मरत नाही, पोट फुटून रात्रभर फिरत राहते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: स्कोप म्हणजे दुर्बीण नव्हे. ज्याच्याकडे स्कोपमधून बघाल त्याच्याकडे नळी रोखलेली असते. 'तिथे कोण आहे' हे पाहायला गळ्यात वेगळी दुर्बीण हवी. हे त्याला अभ्यासक्रमातही शिकवले होते. आजोबांकडून ऐकून पक्के झाले असावे.

भिंगाशिवायही काय साधते तेही मी त्याला सांगितले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकच्या पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या स्पर्धेत स्कोप चालत नाही. मागे भोकाची चकती, पुढे गोल कडी. दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे! नातवाने लगेच त्याचे चित्रण शोधून पाहिले. पण तिथे समोर कागद असतो, कागदाला वेदना नसते. हे मी म्हणालो नाही, तोच म्हणाला.

शेवटी त्याने दोन ते सातपटीचा स्कोप घेतला आणि तो दोनवरच ठेवायचे ठरवले. गरज पडली तरच वाढवायचे.

हंगामानंतर त्याचा फोन आला. एक नर समोर आला होता. नेम धरला, चारपट केले, खांद्यापुढे दोन फांद्या दिसल्या. याने बंदूक खाली घेतली. हरीण निघून गेले. मित्राचे वडील नुसते "बरोबर" म्हणाले. मुलगी खूश झाली, तिला वाटले हा आता जायचा नाही. तो पुढच्या हंगामातही जाणार आहे. एखादे दिवशी फांदी आडवी नसेल.

त्या दिवशी त्याचा फोन येईल तेव्हा मी काय बोलणार, ते मी अजून ठरवलेले नाही. शाबास म्हणवणार नाही आणि रागावताही येणार नाही. त्याने पूर्ण पाहून, जाणून केले असेल, तर निदान त्याचे सगळे ऐकून घ्यावे, इतकेच सध्या वाटते. तुमच्यापैकी ज्यांची नातवंडे अशी दूरदेशी वेगळ्याच चालीरीतींत वाढत आहेत, ते काय करतात? जरूर कळवा.