गाभ्यातील ठेव

सागाच्या खांबांचे आणि तुळयांचे कौतुक ऐकत वाढलेल्या मराठी मनाला पाइनच्या लाकडाविषयी फारसा आदर नसतो. फिकट, हलके, गाठी असलेले हे लाकूड खोक्यांपुरते आणि स्वस्त फर्निचरपुरतेच योग्य, अशी आपली समजूत. नॉर्वेतील उर्नेस येथील लाकडी चर्च मात्र सुमारे ११३० सालापासून उभे आहे आणि ते पाइनचेच आहे. जवळजवळ नऊशे वर्षांचा बर्फ, पाऊस आणि दमट वारा त्याने सोसला आहे.

या टिकाऊपणाचे मूळ झाडाच्या अंतरंगात आहे. पाइनच्या खोडाचा बाहेरचा फिकट भाग म्हणजे रसकाष्ठ. मुळांनी शोषलेले पाणी तो वर चढवितो आणि त्यातील जिवंत पेशी पिष्टमय पदार्थ साठवितात. झाड वयाने वाढू लागले की आतील पेशी एकेक करून मरू लागतात. मरणापूर्वी त्या आपली साठवण खर्च करून पिनोसिल्विन व त्याच्या जातीची संयुगे तयार करतात, आणि तीच गाभ्याच्या लाकडात मुरतात. बँकेच्या भाषेत बोलायचे तर चालू खात्यातील शिल्लक मुदत ठेवीत वळविली जाते. ठेवणारा जातो, ठेव राहते.

पिनोसिल्विन हे द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉलचे जवळचे नातेवाईक. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ते विषासारखे बाधते. गाभ्यातील राळ पाण्याला आत शिरू देत नाही, आणि ओलाव्याशिवाय बुरशी वाढत नाही. तोडलेल्या झाडाच्या रसकाष्ठाला मात्र असे कवच नसते. ओल मिळताच बुरशी त्यातील सेल्युलोज फस्त करते आणि मागे तपकिरी, चौकोनी भेगांचा ठिसूळ भुगा उरतो.

या द्रव्याचा शोधही मोठा बोधप्रद आहे. कागदाचा लगदा करण्याच्या सल्फाइट पद्धतीत पाइनचा गाभा नीट शिजत नसे. ही अडचण का येते, याचा शोध घेत असता स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ होल्गर एर्टमन यांनी १९३९ मध्ये पिनोसिल्विन वेगळे केले. कागद गिरणीला नकोसे असलेले द्रव्य घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने वरदान ठरले.

तथापि या वरदानालाही मर्यादा आहेत. टिकाऊपणानुसार लाकडाचे पाच वर्ग पाडणाऱ्या युरोपीय मानकात सागाचा गाभा पहिल्या वर्गात बसतो, तर उत्तर युरोपातील पाइनचा गाभा तिसऱ्या-चौथ्या वर्गात येतो. त्याच झाडाचे रसकाष्ठ पाचव्या, म्हणजे शेवटच्या वर्गात जाते. नॉर्वेच्या जुन्या सुतारांनी हे अनुभवातून जाणले. पूर्वी ते खांब थेट जमिनीत रोवीत. ओल्या मातीत ते कुजत. पुढे त्यांनी दगडी पायावर आडव्या तुळया ठेवून त्यांवर खांब उभे केले आणि पाइनच्याच राळयुक्त मुळांपासून व बुंध्यांपासून काढलेले डांबर भिंतींना पुन्हा पुन्हा लावले. गाभ्याला पायाची आणि निगेची जोड मिळाली, म्हणून त्या काळची अशी २८ चर्चे आज नॉर्वेत पाहावयास मिळतात. ज्यांना ती जोड मिळाली नाही, ती मातीत गेली.

गाभ्यातील ही ठेव सर्व झाडांत सारखी नसते. एकाच जंगलातील दोन झाडांत तिचे प्रमाण फार वेगळे असू शकते आणि हा गुण बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. म्हणूनच फिनलंड व स्वीडनमध्ये अधिक पिनोसिल्विन असलेली झाडे निवडण्याविषयी संशोधन झाले आहे. मात्र चांगले बी मिळाले तरी वेळ द्यावाच लागतो. कोवळ्या वयात तोडलेल्या झाडात गाभा थोडा आणि रसकाष्ठ फार असते.

परदेशातून आलेले पाइन आता आपल्याकडेही घरोघरी पोहोचले आहे. ते घेताना फळीचे टोक निरखून पाहावे. उत्तर युरोपातील पाइनचा गाभा उजेडात तांबूस होतो, रसकाष्ठ फिकटच राहते. फिकट भाग अधिक असेल, तर ती वस्तू मोरीजवळ किंवा ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नये. कोरड्या जागी, फरशीपासून किंचित उचलून ठेवलेले साधे पाइनही नातवंडांच्या हाती धडधाकट जाईल.