मी लिहिलेली मुदत

बालाघाट आणि वारासिवनी भागातल्या राईस मिलांचे प्रदूषण मंडळाकडचे कागद तयार करणं, हे माझं अनेक वर्षांचं काम. कन्सेंटचं नूतनीकरण, चिमणीच्या चाचणीचे अहवाल, नोटिशीला उत्तर हे सगळं त्यात येतं. पण सर्वांत जास्त मागणी असते ती मुदतवाढीच्या अर्जाला. तो मला चांगला जमायचा. एका मिलच्या बाबतीत मी जे केलं ते इथे लिहितो. मिलचं नाव देत नाही, कारण हा हिशेब माझ्या कामाचा आहे.

आमच्या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक सगळ्यांनी वाचलं असेल. ही मिल मात्र उष्णा तांदळाची होती. धान भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं, मग भरडायचं. वाफेसाठी बॉयलर आणि बॉयलरला इंधन धानाचाच भुसा. १०० किलो धानातून साधारण २० किलो भुसा निघतो. तो जळाला की पाचव्या हिश्श्याच्या आसपास राख उरते, आणि ती बहुतांश सिलिका असते. वजनाला इतकी हलकी की धुराबरोबर सहज वर जाते. चिमणीच्या आधी बसवलेला सायक्लोन तिच्यातले जाड कण खाली पाडतो. बारीक कण, जे श्वासाबरोबर छातीत खोलवर उतरतात, ते त्यातून निसटतात. त्यांच्यासाठी बॅगफिल्टर लागतो. मंडळाने तोच बसवायला सांगितला होता.

मालकाची अडचण खोटी नव्हती. भुशाच्या ठिणग्या धुरासोबत येतात आणि फिल्टरच्या कापडी पिशव्या जाळतात. शेजारच्या एका मिलमध्ये तसं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. पण यावर उपाय आहे. धूर आधी सायक्लोनमधून न्यायचा, ठिणग्या तिथेच विझवायच्या, धूर पुरेसा गार करायचा आणि मगच पिशव्यांकडे सोडायचा. खर्च वाढतो, जागा लागते, पण काम होतं. मला हे पूर्ण माहीत होतं. अर्जात मी अडचण सविस्तर लिहिली आणि उपायाबद्दल एक ओळही लिहिली नाही. उपाय लिहिला असता तर सहा महिने पुरले असते. मालकांना वर्ष हवं होतं.

पुढच्या अर्जाला मी एका पुरवठादाराचं कोटेशन जोडलं आणि ‘काम प्रगतिपथावर आहे’ असं लिहिलं. ऑर्डर दिलेली नव्हती, एक रुपयाही ॲडव्हान्स गेलेला नव्हता. त्यानंतर सरकारी धानाच्या मिलिंगचं कारण आलं: हंगामात बॉयलर बंद ठेवला तर सरकारला तांदूळ वेळेवर जाणार नाही. हेही खरंच होतं. प्रत्येक कारण सुटं सुटं पाहिलं तर खरं होतं, म्हणून मला ते लिहिताना कधी अडखळायला झालं नाही. हंगाम संपल्यावर बॉयलर कित्येक आठवडे थंड पडून असतो, फिल्टर त्या वेळात बसवता येतो, हे मात्र मी कुठेच लिहिलं नाही.

चाचणीच्या बाबतीत मी याहून वाईट वागलो. चिमणीतला धूर मोजायला प्रयोगशाळेची माणसं कधी येणार हे आधी ठरलेलं असायचं. त्या दिवशी बॉयलर कमी भारावर चालवा, असं मीच फोन करून सांगायचो. भार कमी तर धूर कमी. अहवालातला आकडा खरा असायचा, पण तो त्या मिलच्या रोजच्या धुराचा आकडा नव्हता. तोच अहवाल मी पुढच्या अर्जाला जोडायचो.

मिलच्या मागच्या वस्तीत एक मावशी राहायच्या. त्यांच्या नातवाला दम लागायचा. धुरानेच लागतो असं मी म्हणू शकत नाही. पण डॉक्टरांनी मुलाला धूळ-धुरापासून जपायला सांगितलं होतं आणि मावशींच्या अंगणात, छपरावर, पाण्याच्या भांड्यांवर काळी राख पडत होती. त्या एकदा मला मिलच्या फाटकाशी भेटल्या. “भाऊ, कागदाचं काम तुमच्याकडे आहे म्हणतात. हे कधी थांबेल?” मी म्हटलं, “मार्चपर्यंत मशीन लागेल, मावशी.” मार्च ही मी अर्जात टाकलेली तारीख होती. त्यापलीकडे तिला काही आधार नव्हता. त्यांनी ती खरी मानली. मुलाला काही दिवस बहिणीकडे, गोंदियाला पाठवायचं चाललं होतं, ते त्यांनी मार्च जवळ आहे म्हणून थांबवलं. हे मला नंतर कळलं, आणि त्याआधी मी पुढच्या मार्चचा अर्ज देऊन बसलो होतो.

मंडळाला दिलेली माहिती अर्धवट होती, ही एक चूक. पण त्या बाईंना दिलेला शब्द माझा स्वतःचा होता. तो देताना मला कोणी भाग पाडलं नव्हतं.

याच काळात मी औष्णिक वीज केंद्रांच्या नियमांच्या बातम्या वाचत होतो. केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०१५ ला नवी मानकं आणली आणि जुन्या संचांना दोन वर्षं दिली. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथल्या संचांनाही ती लागू होती. २०१७ संपायच्या वेळी मुदत पुढे गेली, मग २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये पुन्हा. शेवटी जुलै २०२५ मध्ये सल्फर डायऑक्साइडच्या मानकातून देशातल्या बहुसंख्य केंद्रांना सूटच मिळाली. ज्यांनी आधीच यंत्रणा बसवली त्यांचा खर्च झाला. थांबलेल्यांपैकी बहुतेकांना तो करावाच लागला नाही. ती सूट देण्यामागचे तांत्रिक युक्तिवाद मी वाचले आहेत, आपल्या कोळशात गंधक कमी असतं हा त्यातला मुख्य. त्यावर तज्ज्ञांनी वाद घालावा. मला दिसतो तो मिलमालकांच्या मनावरचा परिणाम. एक जण मला सरळ म्हणाले, “थांबायला शिकलं पाहिजे, नियमच निघून जातो.” माझा प्रत्येक अर्ज त्यांना तेच शिकवत आला होता.

त्या मिलचा बॅगफिल्टर शेवटी लागला, तो माझ्या कुठल्याही अर्जामुळे नाही. हवा प्रदूषणाच्या १९८१ च्या कायद्यात कलम ३१-अ आहे. त्याखाली मंडळ कारखाना बंद करायला किंवा वीज तोडायला सांगू शकतं. तशी नोटीस आली आणि इतके हंगाम अशक्य वाटलेलं काम एका पावसाळ्यात उरकलं. ठिणग्या अडवायची सोय झाली, पिशव्या जळल्या नाहीत. हे सगळं आधीही होऊ शकलं असतं. मला ते माहीत होतं आणि मी गप्प राहिलो.

मुदतवाढ देऊच नये असं मी म्हणत नाही. छोट्या मिलला बँकेचं कर्ज मिळायला वेळ लागतो, यंत्र बनून यायला महिने जातात. पण आता मी अर्ज हातात घेतो तो ऑर्डरची प्रत आणि ॲडव्हान्सची पावती पाहून. पाया कधी, यंत्र कधी, चाचणी कधी, याच्या वेगवेगळ्या तारखा लिहितो. चाचणी पूर्ण भारावर होईल, असं मालकाकडून लेखी घेतो. मधल्या काळात बॉयलर किती तास चालेल तेही अर्जातच नमूद करतो, कारण मुदत मिलला मिळते तेव्हा धूर वस्तीलाच घ्यावा लागतो. काही जुनी माणसं यामुळे दुसऱ्या सल्लागारांकडे गेली. मावशींकडे मी फिल्टर लागल्यावर गेलो होतो आणि मार्चची ती तारीख कुठून आली होती ते त्यांना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “तेव्हाच का नाही सांगितलं भाऊ? मी पोराला पाठवून दिलं असतं.”