ई४ चा मोह

गेल्या पावसाळ्यापासून उजवा हात थरथरतो. मोहरं उचललं की शेजारचं आडवं होतं. त्यामुळे बुद्धिबळाच्या वर्गात हल्ली मी चाली सांगतो आणि मुलं हलवतात. बाकी सगळं निभावलं. अडलं ते फक्त उंट-घोड्याच्या मातेपाशी, म्हणजे राजा, उंट आणि घोडा घेऊन एकट्या राजाला मात देण्यापाशी.

ही मात मी वर्षानुवर्षं करून दाखवली आहे. घड्याळ लावून, सपासप, मुलांचे आ वासलेले चेहरे बघत. स्वतःच्या डावात ती देण्याची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही, हे मात्र मी कधी कुणाला सांगत नसे. २०१३ साली जिनिव्हात तेव्हाची महिला विश्वविजेती ॲना उशेनिना ओल्गा गिर्याविरुद्ध हीच मात देऊ शकली नाही, नियमाच्या पन्नास चाली संपल्या आणि डाव बरोबरीत सुटला. ती बातमी वाचून मला जो आनंद झाला तो काही सभ्य म्हणावा असा नव्हता.

आता मुद्द्याची जागा. आपला उंट पांढऱ्या घरांचा, एच७ वर. राजा एफ६, घोडा एफ७, काळा राजा ई८. घोडा ई५ ला जातो, काळा डी८, आपला राजा ई६, काळा सी७, घोडा डी७, काळा बी७. काळा राजा कडेवरून सुटलेला दिसतो आणि इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. उंट त्याच तिरप्या रेषेवर आहे, ई४ वर थांबला की शह बसतो. पण खरी चाल त्याच रेषेवर एक घर पुढे, डी३. शह नाही, धमकी नाही, काही नाही.

"सर, शह मिळतोय तर पुढे का जायचं?" एका मुलीने विचारलं. हात चालत होता तेव्हा हे कुणी विचारलं नव्हतं, कारण मी विचारायला वेळच देत नव्हतो. आणि खरं सांगायचं तर उत्तर हातालाच ठाऊक होतं, मला नव्हतं. त्या रात्री पट मांडून बसलो. बी६ आणि सी५ घोड्याकडे, डी५ आणि डी६ राजाकडे. उरली ए६ आणि बी५, ती दोन्ही डी३ वरून उंट धरतो. कुंपण पुरं. ई४ चा शह दिला की काळा ए६ ला जातो आणि पुन्हा मोकळ्या पटावर निघतो.

बुद्धिबळ लेखक जेरेमी सिल्मनने आपल्या एंडगेमच्या पुस्तकात ही मात गाळली, कारण ती क्वचित येते. त्याचा हिशोब मला समजतो. समजत नाहीत ते आठ वर्षांच्या पोराला सिसिलियन बचावाच्या वीस-वीस चाली पाठ करायला लावणारे वर्ग. पालकांना रेटिंग हवं असतं, वर्गांना फी. तीन मोहरी एकमेकांची घरं कशी वाटून घेतात हे त्या पोराला कुठे दिसणार?

घरी पट असेल तर वरची स्थिती मांडा. काळा बी७ वर आला की आधी ई४ चा शह देऊन पाहा, आणि त्याला परत कोंडायला किती चाली जातात त्या मोजा. मग डी३ खेळा.